मागच्या पाइपाचं पाणी

गावाला गोडं पाणी देणारं मशीन मी माझ्या या हातांनी बंद पाडलं, आणि तेसुद्धा पाणी वाचवायला गेले म्हणून. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी समजायला नको.

तेव्हा मी नुकती पन्नाशी ओलांडलेली. आत्ताच्या मानाने कोवळीच म्हणायची. गुडघे शाबूत, दात बहुतेक जागेवर, आणि अक्कल एवढी की गावाला वाटून उरली असती. त्या वयाची मी आज दारात आली तर मी तिला ओट्यावर बसवीन, चहा देईन, आणि तिच्या हाताला लागेल असं काही आसपास ठेवणार नाही.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, वैशाखऱ्याच्या अलीकडे. विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. बोअरला पाणी असतं, पण मचूळ. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहाच्या टोपाला आतून पांढरं पूट चढतं, आणि पाहुणा पहिला घोट घेतल्यावर तोंड कुठे फिरवावं या विचारात पडतो. कुठल्याशा कंपनीने गावाला फिल्टर दिला आणि बायकांच्या बचतगटाने तो चालवायचा असं ठरलं. गावदेवीच्या देवळामागे पत्र्याच्या छपराची एक खोली होती, तिथे तो बसवला.

तो चालवायला गटाने निवडली माझी सून. डोळखांबकडच्या पाड्यावरची पोर, बारावी झालेली, बोलायला कमी. फिल्टरवाल्यांनी तिला चार दिवस शहापूरला नेऊन शिकवलं आणि खोलीची चावी तिच्या कमरेला आली. लग्न होऊन आल्यापासून भिंतीकडेने चालणारी ती, चावी आल्यावर रस्त्याच्या मधून चालायला लागली. बायका तिला नावाने हाक मारायला लागल्या. त्याआधी ती आमच्या घरची सून एवढंच होती. मला त्याचं कौतुक होतं की पोटात दुखत होतं, हे मी अजून नक्की सांगू शकत नाही. दोन्ही असेल. तीच चावी पुढे माझ्यामुळे तिच्या कमरेवरून सुटायची वेळ आली.

मशीनचं काम असं. बोअरचं पाणी आधी वाळूच्या टाकीतून जायचं, मग कोळशाच्या. मग मोटर ते जोराने लांब पांढऱ्या नळकांड्यांत ढकलायची. त्या नळकांड्यांत पापुद्र्यांची गुंडाळी असते, तिला मेंब्रेन म्हणतात. पापुद्रा एवढा बारीक की पाणी तेवढं पार होतं आणि खार अलीकडे राहतो. पार झालेलं पाणी पुढच्या नळाला येतं. खार घेऊन उरलेलं पाणी मागच्या पाइपाने बाहेर पडतं. मागच्या पाइपाला लाल दांडीचा एक कॉक होता, तो किती उघडा ठेवायचा हे सुनेला शिकवलं होतं.

हे सगळं मला आता कळतं. तेव्हा मला एकच गोष्ट दिसत होती. पुढच्या नळाला एक हंडा भरेपर्यंत मागच्या पाइपातून दुसरा हंडाभर पाणी ओहोळात जात होतं.

आमच्या घरात पाणी एकदा वापरून टाकत नाहीत. तांदूळ धुतलेलं म्हशीला, अंघोळीचं अळवाला, भांड्यांचं शेवग्याच्या बुंध्याशी. माझी अर्धी हयात डोक्यावर हंडा घेऊन डोंगराची वाट चढण्यात गेली, त्यामुळे वाहतं पाणी बघितलं की माझी मान आपोआप दुखते. पहिल्या आठवड्यात बायकांनी मागच्या पाइपाखालीही बादल्या लावल्या होत्या. पण ते पाणी बोअरपेक्षाही मचूळ. साबणाला फेस येईना, म्हैस हुंगून मान फिरवी. बादल्या बंद झाल्या आणि पाणी राजरोस वाहायला लागलं.

दुपारी सून पोराला भरवायला घरी यायची. तेवढा वेळ मोटर चालू असायची आणि मी खोलीच्या दारात बसायची, राखणीला. समोर तो लाल दांडीचा कॉक. मी विचार केला, भाताच्या खाचरात आपण काय करतो? एका बाजूच्या बांधाचं तोंड मातीने बुजवलं की पाणी दुसऱ्या खाचरात चढतं. मग मागचा पाइप आवळला की सगळं पाणी पुढच्या नळाला येणार. शेतातल्या बाईला हे शिकवायला शहापूरला कशाला न्यायला लागतं?

मी कॉक आवळला. थोडासा.

आणि पाणी आलं की. पुढच्या नळाची धार बोटाएवढी होती ती अंगठ्याएवढी झाली. मोटरचा आवाज जड झाला, घड्याळासारख्या तबकडीतला काटा वर सरकला, पण तिकडे कोण बघतंय. दुसऱ्या दिवशी मी आणखी आवळला. दुपारी येणाऱ्या बायकांचे हंडे भराभर भरायला लागले आणि त्या म्हणायला लागल्या की सुनेचा हात चांगला आहे. मी दारात बसून पदराआड हसत होते.

सून संध्याकाळी जाऊन बघायची तर कॉक आवळलेला. ती तो परत जागेवर आणायची. जेवताना म्हणायची की कॉक आपोआप फिरतो. माझा मुलगा तिला हसायचा, मशीनला पाय फुटले म्हणायचा. मी गंभीर तोंड करून सांगितलं की मोटर थरथरते, त्याने फिरत असेल. तिने दांडीला सुतळी बांधली. मी दुपारी ती सोडली, कॉक आवळला, आणि सुतळी पुन्हा बांधताना गाठ हुबेहूब तिच्यासारखी मारली. एवढी हुशारी मी एखाद्या चांगल्या कामाला लावली असती तर आज माझ्या घराला दुसरा मजला असता.

उन्हाळा चढला तशी धार बारीक होत गेली. मी कॉक आणखी आवळला. धार आणखी बारीक. मग एक दिवस पुढच्या नळाचं पाणी मचूळ लागलं, आणि दोनच दिवसांत मोटर सुरू झाली की खट्ट करून बंदच पडायला लागली. गाव परत हंडे घेऊन डोंगराच्या वाटेला लागलं.

कल्याणहून फिल्टरवाला आला. त्याने नळकांडं उघडून गुंडाळी बाहेर ओढली. आमच्या चहाच्या टोपात असतं तसलं पांढरं पूट, आणि त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर. जमलेल्या बायकांना तो सांगत होता की मागचं पाणी वाया जात नसतं, ते पापुद्र्यावरचा खार झाडून बाहेर नेतं. ती वाट बंद केली की खार तिथेच बसतो, त्याचा दगड होतो, आणि दगडावर किडे घर करतात. कॉक बंद ठेवून मशीन चालवलंय, तो म्हणाला. मग त्याने साधंच विचारलं, कॉकला हात कोण लावतं?

सगळ्यांनी माझ्या सुनेकडे बघितलं. मीसुद्धा बघितलं. सगळ्यांबरोबर.

त्या दिवसापासून मला घरात जागा पुरेना. चुलीजवळ बसले तर ती समोर, अंगणात गेले तर शेजारीण विचारायला टपलेली. सांगायचं म्हणून तोंड उघडायची आणि तोंडातून निघायचं की आज मीठ जास्त झालंय. एकदा ती भाकरी थापताना हात थांबवून म्हणाली, "आत्या, दुपारची कोन आत आली व्हती का?" आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"नाय गो," मी म्हटलं. "मी दारातच असते."

खोटंसुद्धा नाही बघा. दारातच असायची.

गटाने बैठक ठरवली. मशीनच्या खोलीला लागून देवळाचा ओटा आहे, तिथे संध्याकाळी जमायचं. काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. गटाची अध्यक्षीण म्हणजे माझ्या बरोबरीची बाई, एकाच वर्षी दोघी या गावात नांदायला आलो आणि तेव्हापासून एकमेकींचं उणं काढतोय. तिच्या भाचीला ती चावी हवी होती.

तेव्हा मला, म्हणजे त्या पन्नाशीतल्या शहाणीला, एक युक्ती सुचली. कबूल करण्याची नाही, तेवढी ती शहाणी नव्हती. तिने ठरवलं की कॉकच फोडायचा. कॉक मुळातच मोडका होता, ढिला होता, त्यामुळे फिरत होता, असं दिसलं की दोष मशीनचा. सून सुटली, सासूही सुटली. फोडायला घरात हातोडी सापडेना. म्हणून मी पाट्यावरचा वरवंटा पदराखाली घेतला आणि उन्हं कलायला लागली तशी देवळाकडे निघाले.

मशीन बंद पडल्यापासून चावी घरी खुंटीला असायची, ती मी न विचारता घेतली होती. कुलूप उघडलं, चावीसकट कडीला लटकवलं, आत शिरून दार ओढून घेतलं. आत काळोख आणि पत्र्याची धग. निळ्या टाक्या अंधारात पाहुण्यांसारख्या ओळीने उभ्या होत्या. मी वरवंटा उचलला, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली.

आता नुसतं उभं राहायचं तरी. मी म्हणाले असते, झाडायला आले. पण चोराच्या मनात चांदणं. मी कोळशाच्या टाकीमागे जाऊन बसले. बाहेर कडी वाजली, कुलूप दाबल्याचा आवाज झाला आणि पावलं गेली. ती माझी सून होती. बैठकीआधी ओटा झाडायला आली, कुलूप उघडं बघून तिला वाटलं की काळजीत आपणच उघडं टाकलं. आणखी एक आळ नको म्हणून घाईने लावून चावी काढून घेतली. हे तिने मला नंतर सांगितलं.

मला हाक मारता आली असती. ती ओट्यावर झाडू मारत होती, मला ऐकू येत होतं. पण हाक मारल्यावर ती विचारणार, आत काय करता? आणि माझ्या मांडीवर वरवंटा. मी काहीतरी पटेल असं रचत बसले. मसाला वाटायला आले, हे काही पटण्यासारखं नव्हतं. रचता रचता बायकांचे आवाज आले, एक, दोन, मग सगळा ओटा भरला, आणि हाक मारायची वेळ निघून गेली.

भिंतीला वर एक जाळी होती, तिच्यातून शब्दन् शब्द आत येत होता. घाम डोळ्यांत उतरत होता. तहान अशी लागली की मी मशीनच्या नळाला तोंड लावलं. आलं ते चार थेंब, खारट. मी केलेलं पाणी मीच प्यायले, दुसरं कोणी प्यायला नव्हतंच तिथे. खोकला आला तो पदर तोंडात कोंबून दाबला. पाय दुमडून मुंग्या आल्या, पण हलले तर पाइपाला लागून आवाज होणार. बाहेर माझ्या घरची इज्जत निघत होती आणि मी टाकीला पाठ लावून, मांडीवरचं बाळ धरावं तसा वरवंटा धरून बसले होते.

अध्यक्षीण गोड बोलत होती. तिचा तो आवाज मला ठाऊक आहे, गुळात बुडवलेली सुई. "आमी कोनावर आळ घेत नाय गो. पन चावी कोनाकडं असते, येवढंच इचारतो."

सून म्हणाली, "माझ्याकडं. पन कॉक मी नाय बंद केला."

मग कोणी म्हणालं की पाड्यावरच्या पोरीला मशीन द्यायलाच नको होतं. कोणी म्हणालं शिकलेली आहे म्हणून दिलं, शिकून काय दिवे लावले ते बघा. कोणाची सून पोटुशी होती, ती आता डोंगर चढून पाणी आणते याला जबाबदार कोण. जिने सर्वांत जास्त हंडे भरून नेले होते तीच सर्वांत मोठ्याने बोलत होती. माझी सून एकेकीला तेच उत्तर देत होती, आणि दर वेळी आवाज थोडा बारीक होत होता, आमच्या नळाच्या धारेसारखा.

मग एका म्हातारीने विचारलं की दुपारी तर सासू बसते दारात, तिला बोलवा. मी टाकीमागे आणखी बारीक झाले. कोणी म्हणालं, ती सकाळपासून दिसली नाय. कोणी म्हणालं, लाजेनं घरात बसली असंल.

"त्यांना कशाला बोलावता?" सून म्हणाली. "मी सांगितलं म्हनून त्या बसतात. जबाबदारी माझी हाय."

हे ऐकून मी उठायला हवं होतं. मोठेपणासाठी सांगितलं असतं की उठले, पण नाही उठले. मी मनात म्हटलं, बघ कशी शहाणी आहे, आता मिटेल. जाळीतून येणाऱ्या उजेडात धूळ तरंगत होती, ती बघत मी मिटायची वाट पाहत बसले. मिटलं नाही. अध्यक्षीण म्हणाली, मग चावी खाली ठेव बाय, पुढचं गट बघेल. आणि थोड्या वेळाने ओट्याच्या फरशीवर लोखंड टेकल्याचा आवाज आला. हळूच ठेवली तिने. आपटली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "चावी ठेवू नको. आधी मला भायेर काढ."

मग एकजण पुटपुटली, "गो बाय, टाकीत कोन बोलतंय?" दुसरीने गावदेवीचं नाव घेतलं. मी दारावर वरवंटा ठोकला, तेव्हा दोघी ओट्यावरून उतरून लांब पळाल्या असं नंतर कळलं. दार सुनेनेच उघडलं.

उजेडात आले ती अशी: पदर खांद्यावरून घसरलेला, कोळशाची काजळी गालाला, घामाने लुगडं चिकटलेलं, आणि हातात वरवंटा. अध्यक्षिणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "कोनाचा मसाला वाटायला गेलीस गो?"

मी सगळं सांगितलं. खाचराच्या बांधाचं सांगितलं, सुतळीच्या गाठीचं सांगितलं, वरवंट्याचं सांगितलं. मध्येच कोणीतरी फिस्सकन हसली. मग दुसरी. वरवंट्यापर्यंत येईतो ओटाभर बायका पदर तोंडात धरून लोळायच्या बाकी होत्या. सर्वांत मोठ्याने बोलणारी डोळे पुसत म्हणाली की तिनेही दोनदा त्या मागच्या पाइपात चिंध्यांचा बोळा कोंबला होता, पण पाणी तो उडवून लावायचं. मग आणखी एकीने कबूल केलं की तिने दगड लावून बघितला होता. अध्यक्षीणसुद्धा हसली. भाचीचं राहूनच गेलं. चावी कुलपातच राहिली होती ती कोणीतरी काढून सुनेच्या हातात दिली आणि बायका हसत हसत घरी गेल्या. नवीन मेंब्रेन येईपर्यंत सगळ्यांबरोबर मीही डोंगराची वाट चढले, आणि वाटेत प्रत्येक वळणावर कोणीतरी विचारायची की वरवंटा घेतला का.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा मी अगदी हलकी झाले होते. न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून चुलीशी बसले. सून नाचणीचं पीठ चाळत होती. मी वाट बघत होते की आता ही काहीतरी बोलेल, आत्या तुमी होता म्हनून वाचले असं काहीतरी. ती चाळतच राहिली. शेवटी मीच म्हटलं की बघ, एवढं डोक्याला लावून घेतलं होतंस, कसं हसण्यावारी गेलं सगळं.

तिने चाळणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, पिठाकडेच बघत बोलली.

"आत्या, पयल्या दिवशी ते पानी भायेर जाताना बघून मलापन तो कॉक बंद करावासा वाटला व्हता. पन मी केला असता ना, तर कोन हसलं नसतं."